चिखलदऱ्याला दोघंच

वैशाख लागला की अमरावतीतल्या माणसांना एकदम डोंगर आठवतो. वर्षभर उत्तरेकडे कोणी मान वळवून पाहत नाही. पण अंगणातल्या फरशा दुपारी पांढऱ्या दिसायला लागल्या, वाळ्याच्या ताटीवर मारलेलं पाणी खाली पोचायच्या आत सुकायला लागलं, की ज्याच्या त्याच्या तोंडी परतवाडा, घाट आणि चिखलदरा. बहुतेक जण बोलतात, माठातलं पाणी पितात आणि कुशीवर वळतात. जाणारे थोडे. या वर्षी आमच्या घरचे दोघं जाणार आहेत. माझा मुलगा विश्वनाथ, म्हणजे विसू, आणि त्याची पाच वर्षांची सुमी. दोघंच. तीन दिवसांसाठी.

तयारी माझ्याकडे आली. ती माझ्याकडेच येते. माझी संत्र्यांची आडत आहे. कोणत्या टोपलीत तळाशी किती गवत घालायचं, कोणतं फळ खाली आणि कोणतं वर, हे ठरवण्यात माझा जन्म गेला. माणसांच्या प्रवासाचंही तेच. जे आधी लागणार ते वर, जे लागू नये अशी इच्छा असते ते तळाशी, पण घ्यायचं नक्की. म्हणून हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या तळाशी गेल्या. घोंगडी वर. कंदिलाची काच सुमीच्या परकरात गुंडाळली. साखर रेशनची, तेव्हा लाडू गुळाचे. लढाईमुळे मोटारी हल्ली कोळशावर चालतात, त्यामुळे घाटात कधी थांबतील याचा नेम नाही, म्हणून पाण्याचा फिरकीचा तांब्या हाताशी.

"भाऊ, इतकं कशाले?" विसू म्हणाला. "आमी फिराले जाऊन राहिलो, संसार मांडाले नाही."

मला तो भाऊ म्हणतो. घरात सगळे मला भाऊ म्हणत, म्हणून तोही म्हणायला लागला आणि ते तसंच राहिलं. वऱ्हाडात पुष्कळ घरांत असं असतं, त्यात काही वावगं नाही. पण आमच्या घरात बाबा हा शब्द मोकळा नव्हता. तो दुसऱ्या माणसाला देऊन झाला होता.

विसू कचेरीतून येतो. टोपी काढायच्या आधी सुमीला उचलतो, खांद्यावर बसवतो, तिच्या पायांना धरून तसाच स्वयंपाकघरापर्यंत जातो. मी बैठकीत समोर असतो. तो खाकरत नाही, थबकत नाही, मी आहे की नाही हे पाहतही नाही. ती त्याचे केस ओढते, तो ओरडतो, आतून सूनबाई हसते. हे रोज होतं, आणि रोज मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो.

लोकांना वाटेल, जुन्या वळणाच्या माणसाला रीत मोडलेली पाहवत नाही. तसं नाही. रीत मोडली याचं मला काही वाटत नाही. ती माझ्यासाठी वेळेवर मोडली नाही, हे सलतं.

आमच्या वेळी वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल उचलायचं नसे. हे कोणी शिकवलं नव्हतं. भावाचं लेकरू घ्यावं, बहिणीचं घ्यावं, शेजाऱ्याचं खुशाल कडेवर घेऊन बाजारात जावं. आपलं रडत असलं तरी दुसरं कोणीतरी उचलीपर्यंत आपण खांबाकडे पाहत उभं राहावं. आपल्या मुलावर सगळ्यांदेखत माया करणं म्हणजे घरच्या मोठ्यांसमोर पाय पसरून बसण्यासारखं होतं. आता सांगताना हे विचित्र वाटतं. तेव्हा ते जेवताना उजवा हात वापरावा इतकं साधं होतं.

आमचं घर तेव्हा अकोल्याला होतं. घरात मोठा म्हणजे दादा, माझा सख्खा भाऊ. कापसाची दलाली करायचा. त्याला आणि वहिनींना मूल झालं नाही. विसू जन्मला तेव्हा बाराव्या दिवशी आईने तो पाळण्यातून उचलून वहिनींच्या ओटीत ठेवला. दत्तक नव्हे. एकुलता एक मुलगा कोण दत्तक देतो? नुसतं ओटीत ठेवलं, हात फिरवला, आणि घरातल्या सगळ्यांना कळलं. माझ्या बायकोने पाजायचं आणि वहिनींनी निजवायचं. दादाने खेळवायचं, आणि विसूने त्याला बाबा म्हणायचं. मी कापडचोपड आणायचं.

दादा एका हाताने त्याला उचलायचा. दुसऱ्या हातात कापसाचा नमुना असायचा. तो बोटांनी धागा ओढून पाहत असायचा आणि विसू त्याच्या पोटावर बसून त्याच्या कोटाला चिकटलेले कापसाचे तंतू वेचत असायचा. मला तो कोट माहीत आहे, तिथला वासही माहीत आहे. तंबाखू, घाम आणि सरकी. एकदा दादा बाहेर असताना मी गोठ्यात विसूला पटकन उचलून घेतलं. कधी न उचलणाऱ्या माणसाने अंधाऱ्या जागी उचललं म्हणून तो इतका भेदरला की वहिनी धावत आल्या. त्यांनी माझ्या हातातून त्याला घेतलं आणि म्हणाल्या, "काऊन हो भाऊ, लेकराले भेव दाखवता?"

मी गाईपुढे वैरण टाकायला लागलो.

अकोल्याचा उन्हाळा ज्याने पाहिला नाही त्याला मी समजावून सांगत बसत नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. भिंतीला पाठ लावली तर भिंत चटका देते. माणसं खिशात कांदा घेऊन बाहेर पडतात. रात्री अंगणात बाजा टाकायच्या, त्यावर पाणी शिंपडायचं, आणि आकाशाकडे पाहत वाऱ्याला नावं ठेवायची. विसू सहा वर्षांचा होता त्या वैशाखात त्याचा घोळणा फुटायला लागला. जेवता जेवता नाकातून रक्त. वहिनी डोक्यावर ओलं फडकं ठेवत, दूर्वांचा रस नाकात सोडत. थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. वैद्य म्हणाले, चार दिवस थंड हवेत न्या.

माझी बायको तेव्हा आमच्या धाकट्या मुलीच्या वेळी बाळंतपणाला माहेरी धामणगावला होती. वैद्यांचं वाक्य ऐकलं आणि माझ्या मनात एकदम सगळं मांडलं गेलं. अकोल्याहून मूर्तिजापूर, तिथून छोटी गाडी एलिचपूरपर्यंत, परतवाड्याहून मोटार, वर एका ओळखीच्या लाकूड ठेकेदाराची खोली. आई घाटाखाली, दादा घाटाखाली. वर मी आणि विसू. तिथे मला कोणासमोरही खांबाकडे पाहत उभं राहावं लागणार नव्हतं.

दादाला सांगण्याआधी मी सगळं ठरवून टाकलं. शिंप्याकडेही जाऊन आलो. फलालीनचा छोटा कोट आणि कानटोपी सांगितली. शिंपी पाठीला ओलं फडकं लावून बसला होता. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

"भाऊ, तब्येत बरी हाये ना?"

"का?"

"वैशाखात फलालीन शिवून राहिलो म्हटलं तर माझ्या घरचे मले बांधून ठेवतीन."

पण शिवला त्याने. विसूने तो अंगणात घालून पाहिला. कानटोपी, कोट, गळ्यापर्यंत बटणं, आणि वर ते पांढरं ऊन. घामाने त्याचा चेहरा चकाकायला लागला तरी तो काढू देईना. ओसरीवरून दादा पाहत होता.

"कोठी निघाली स्वारी?"

"चिखलदऱ्याले," विसू म्हणाला. "भाऊ नेऊन राहिले."

अशी बातमी फुटली. जेवायला बसलो तेव्हा दादा म्हणाला, "मी नेतो त्याले. तुले लेकराचं काय समजते?"

हे तो रागाने म्हणाला नाही. हेच जास्त लागलं. माझ्या मुलाचं मला काही समजत नाही, हे त्याला ताटातल्या मिठाइतकं उघड वाटत होतं. वर तो उदारपणे म्हणाला, "तूही चाल. तिघं जाऊ." तिघं गेलो असतो तर चिखलदऱ्यालाही अकोल्याचीच ओसरी झाली असती. मी भाकरीचा तुकडा मोडत बसलो. मोठ्या भावाला नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

वाढता वाढता वहिनी म्हणाल्या, "तुमाले देवघराच्या दोन पायऱ्या चढवत नाही, अन् गडावर जाता काय? भाऊले जाऊ द्या."

"माझ्या गुडघ्याले काय झालं?"

"रात्रभर तेल चोळते मी, मले विचारा काय झालं ते."

आई हसली. दादा हसला नाही. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझ्या ताटात न मागता अजून एक भाकरी टाकली. त्यांना काय कळलं होतं आणि किती, हे मी कधी विचारलं नाही.

मग दादाने तयारी ताब्यात घेतली. माझी वळकटी सोडून पुन्हा बांधली. माझी घोंगडी काढून आपली घातली, का तर विसूला तिची सवय आहे. दूध किती ऊन करायचं, विसू कोणत्या कुशीवर निजतो, घोळणा फुटला तर मान पुढे वाकवायची की मागे, हे मला पुन्हा पुन्हा सांगितलं. निघताना स्टेशनवर तो विसूशी बोलत राहिला आणि गाडी हलली तरी खिडकीबरोबर चालत राहिला, त्या गुडघ्यांनी.

घाट मला अजून तसाच दिसतो. खाली सागाची झडलेली पानं, इतकी कोरडी की मोटारीच्या चाकाखाली पापडासारखी मोडत. मग एका वळणावर अंगावरचा घाम एकदम गार झाला. विसूने माझ्याकडे पाहिलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा उन्हाळ्यात थंड वारा अनुभवला होता आणि त्याला कोणीतरी फसवत असल्यासारखं वाटत होतं. वर पोचल्यावर त्याने स्वतःहून कोट मागितला. गवळ्याकडचं दूध प्यायला, धुराचा वास असलेलं. ओठांवर साय तशीच ठेवून म्हणाला, "बाबांसाठी नेऊ."

सगळ्याचं हेच. दरी पाहिली, बाबांना दाखवायची. जांभळाच्या झाडावर वानर दिसलं, बाबांना सांगायचं. मी त्याला जे जे दाखवत होतो ते तो दादासाठी गोळा करत होता, आणि मी नुसता हमाल होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाविलगडाकडे चालत निघालो. चढावर त्याचे पाय भरून आले. तो थांबला आणि त्याने हात वर केले. मी मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं. वाटेवर एक गवळी आणि त्याच्या म्हशी, बाकी कोणी नाही. मी वाकलो आणि त्याला उचललं.

"भाऊ, तुमी टोपली उचलता तसं काऊन उचलता?" तो म्हणाला. "बाबा असं धरतात." आणि त्याने माझा हात धरून आपल्या मांड्यांखाली जिथे हवा तिथे ठेवला. दुसरा पाठीवर लावला. मग समाधान झाल्यावर मान माझ्या खांद्यावर टाकली.

त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. झाला. पण त्या आनंदाच्या पोटात एक काटा होता: मला माझं मूल धरायला शिकवलं तेही दादानेच, इतक्या लांबून.

संध्याकाळी ठेकेदाराच्या पडवीत बसलो. विसूला झोप यायला लागली की तो दादाची कानाची पाळी धरायचा, हे मला माहीत नव्हतं. त्याने सवयीने हात वर केला, माझा कान चाचपला आणि सोडला.

"तुमचा कान थंडा हाये."

"मग?"

"बाबांचा गरम असते."

मी कानटोपी ओढून घेतली, कान चोळले. थोड्या वेळाने त्याने पुन्हा हात वर केला. थंड तर थंड. धरला आणि निजला. मी मान अवघडली तरी हललो नाही. दरीतून वारा येत होता, कुठेतरी म्हशींच्या गळ्यातल्या लाकडी घंटा वाजत होत्या, आणि मी एखादी चोरून आणलेली वस्तू सांभाळावी तसा बसलो होतो.

परतताना छोट्या गाडीत, मग मोठ्या गाडीत, तो माझ्या खांद्यावर झोपला. आता मला हात कुठे ठेवायचे ते कळत होतं. अकोल्याच्या फलाटावर दादा छत्री घेऊन उभा होता. आमची गाडी उशिरा होती, तो वेळेवर आला होता. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. त्याने आधी विसूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हात पुढे केले.

"दे इकडे. अवघडला असशीन."

मी अवघडलो नव्हतो. पण तो मोठा होता, समोर होता, आणि त्याचे हात पुढे आले होते. मी दिला. हात रिकामे झाले की काय करायचं ते मला कधी सुचत नाही. मी वळकटी उचलली. विसू माझ्या खांद्यावर निजला होता, तो जागा झाला दादाच्या खांद्यावर, घराच्या दारात.

टांग्यात दादाने हळूच विचारलं, "माझी आठवण काढली काय?"

"काढली," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू? त्याचा चेहरा एकदम सैल झाला. ते तीन दिवस तोही जळत होता, हे मला तेव्हा दिसलं. ते पाहून मला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी वाटलं की याला हेसुद्धा मोकळेपणाने करता येतं. मला येत नाही.

दादा या माघात गेला. वहिनी त्याच्या आधीच गेल्या होत्या. अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी विसूने अग्नी दिला. ते घरात ठरलेलंच होतं. न्हावी वस्तरा घेऊन बसला. डोकं झालं. मग तो थांबला, कारण बाप हयात असला तर मिशी ठेवतात आणि अग्नी देणाऱ्याची काढतात, आणि इथे काय करायचं ते त्याला कळेना. त्याने विचारलं, "मालक, मिशी?"

मी हातभर अंतरावर उभा होतो. जिवंत. विसूने मान वर केली, डोळे मिटलेले होते. "काढ," तो म्हणाला.

त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. दादाने जे केलं त्याची ती बरोबर किंमत होती. पण मी पाण्याकडे पाहत राहिलो आणि मनाशी हिशेब करत राहिलो, जसा मला सगळ्याचाच करता येतो. माझ्या वेळीही तो काढील. पण ती दुसऱ्या खेपेची असेल. बापाच्या मरणाची पहिली खेप दादा घेऊन गेला. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. जिवंत माणसाच्या हेव्याचा निदान रागाने बोलून तरी निचरा होतो.

विसूची मिशी आता पुन्हा नीट आली आहे. फुटताना मी तिच्याकडे रोज पाहत होतो.

काल संध्याकाळी विसू बैठकीत वळकटी बांधत होता. सुमी तिच्यावर बसून होती, म्हणजे बांधायला मदत करत होती. मी दोरी सोडवून देत होतो. तिला तो चिखलदऱ्याच्या गोष्टी सांगत होता. थंडी, वानरं, दऱ्या.

"मी तुझ्याएवढा होतो तेव्हा माझे बाबा मले गडावर घेऊन गेलते," तो म्हणाला. "मी चालून चालून रडाले लागलो, तर त्यांनी मले कडेवर घेतलं. वर एक मोठी तोफ हाये. त्यांनी मले तिच्यावर बसवलं अन् म्हणले, आता तू राजा."

"मग?"

"मग मी खाली उतरतच नव्हतो. त्यांनी तेथीच मले लाडू चारला."

माझ्या हातातली दोरी थांबली. ते तिन्ही दिवस मी वर्षानुवर्षं जपून ठेवले होते, माझ्या नावाचं एवढंच काय ते. आणि तेही विसूने कधीच दादाला देऊन टाकलं होतं. मनापासून, कृतज्ञतेने, शंकाही न येता. त्या तोफेवर त्याला मीच बसवलं होतं. लाडू मी निघताना खिशात ठेवलेला.

गप्प राहावं, असं मला आधी वाटलं. गप्प राहायची मला सवय आहे. मेलेल्या माणसाकडून काय परत घ्यायचं? पण मी सुमीकडे पाहिलं. ती आज ऐकेल तेच पुढे सांगेल, तिच्या मुलांना, आणि तिथेही मी नसेन.

"दादा चिखलदऱ्याला कधी गेला नाही," मी म्हणालो. "त्याच्या गुडघ्यांना चढ सोसत नव्हता."

विसूने हसून वर पाहिलं. "असं कसं? मले आठवते ना."

"तुला तोफ आठवते. ती आहे. पण दादा तेव्हा अकोल्याला होता."

"मग मले कोणी नेलतं?"

मी हातातली दोरी गुंडाळायला लागलो. विसू गुडघ्यांवर बसला होता, हातात वळकटीचं एक टोक. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे.

"तुमी?"

"हो."

"पण तुमी तर मले कधी..."

सुमी वळकटीवर वरखाली होत होती. बाहेर कोणीतरी अंगणात पाणी शिंपडत होतं, तापलेल्या फरशीचा वास आत आला. विसूच्या चेहऱ्यावर काहीतरी इकडचं तिकडे होत होतं, आडतीत चुकीच्या नावावर गेलेला माल शोधताना होतं तसं, आणि मी ते न हलता पाहत होतो.

"मग इतकी वर्षं बोलले काऊन नाही, भाऊ?" तो हळूच म्हणाला.

"दादा होता ना समोर," मी म्हणालो.